ड्रेसिंगच्या वेळी मुलीचे लक्ष दुसरीकडे कसे वळवावे?

मुलीची आई, सातारा

माझी मुलगी सहा वर्षांची आहे. पंधरा दिवसांपूर्वी ओट्याच्या कडेला ठेवलेले चहाचे पातेले तिचा हात लागून कलंडले आणि उजव्या मांडीवर तळहाताएवढा भाग भाजला. जखम चांगली भरत आहे असे डॉक्टर म्हणतात, मात्र एक दिवसाआड ड्रेसिंग बदलावे लागते आणि आमचे सारे अडते ते तिथेच. पोवई नाक्यावर रिक्षा वळली की आपण कुठे निघालो आहोत हे तिला कळते, आणि दवाखान्याचा जिना चढेपर्यंत ती माझी ओढणी अशी घट्ट धरते की बोटे एकेक करून सोडवावी लागतात. पहिल्या वेळी मी तिला ‘अजिबात दुखणार नाही’ असे सांगितले होते. ते खोटे ठरल्यापासून माझ्या कोणत्याच बोलण्यावर तिचा विश्वास बसत नाही. कंदी पेढ्याचे आमिष दाखवून झाले, खिडकीतून अजिंक्यतारा दाखवून झाला, पण गॉज सुटू लागला की तिला ना पेढा दिसतो ना किल्ला. अजून चार-पाच ड्रेसिंग बाकी आहेत. तिघेजण मिळून तिला धरून ठेवतात, ते पाहवत नाही. ज्यांनी हे निभावले आहे त्यांनी कृपया मार्ग सुचवावा.

निवृत्त परिचारिका, मिरज

ताई, लक्ष वळवण्याचा विचार नंतर करू. आधी दुखणे कमी कसे होईल ते पाहावे. ड्रेसिंगपूर्वी अर्धा ते एक तास पॅरासिटामॉल देता येईल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. त्याची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, आणि सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम तसेच २५० मिलिग्रॅम अशा दोन्ही प्रकारचे मिळते. त्यामुळे घरात पडून असलेली बाटली अंदाजाने वापरू नका. चिकटलेला गॉज ओढून काढण्याऐवजी सलाइनने पुरेसा भिजवून सोडवण्याची विनंती करा. गर्दीच्या वेळी नेमकी हीच पाच मिनिटे वाचवली जातात, हे मी इतकी वर्षे पाहिले आहे.

आता विश्वासाविषयी. ‘दुखणार नाही’ म्हणू नका आणि ‘काही नाही, काही नाही’ असा जपही करू नका; आईच्या तोंडून हे शब्द सारखे आले की काहीतरी भयंकर होणार अशीच मुलांची समजूत होते. जे होणार आहे ते थोडक्यात आणि खरे सांगा: पट्टी सुटताना चुरचुरेल, मग मलम लागेल, नवी पट्टी बांधली की आपण घरी जाऊ. तिला आडवे पाडून धरण्यापेक्षा तिची पाठ तुमच्या छातीला टेकेल अशी मांडीवर बसवता येते का ते पाहा. आडवे धरलेले मूल जखमेपेक्षा धरणाऱ्यांशीच अधिक झगडते. वरची पट्टी तिची तिला सोडू द्या. तिने हात वर केला की सर्वांनी पाच अंक मोजेपर्यंत थांबायचे, असे तीनदा करण्याची तिला मुभा द्या आणि दिलेला शब्द पाळा. साबणाचे फुगेही उपयोगी पडतात, कारण मोठा फुगा हवा असेल तर हळूहळू आणि लांब फुंकावे लागते. त्यात श्वास संथ होतो आणि आवळलेले अंग आपोआप सैल पडते.

सांगलीकर बाबा

माझ्या आठ वर्षांच्या मुलाच्या गळवाची जखम आतून भरून यावी म्हणून तिच्यात रोज गॉज भरावा लागत असे. मोबाइलवरचे व्हिडिओ दोन दिवस चालले, तिसऱ्या दिवशी तो पडद्याकडे पाहतच रडू लागला. माझे वडील एसटीत वाहक होते. चौथ्या दिवशी ते सोबत आले आणि त्याच्या उशाशी बसून घोषणा करू लागले, ‘सांगली-सातारा गाडी सुटत आहे, पुढचा थांबा उंब्रज, त्यानंतर आष्टा.’ मुलगा कळवळत असतानाही ओरडला, ‘आजोबा, आष्टा आधी!’ मग त्यांनी कराड पेठनाक्याच्या अलीकडे आणले, सुट्टे पैसे चुकीचे परत दिले, आणि प्रत्येक चूक पकडण्यात मुलगा असा गुंतला की गॉज केव्हा भरला ते त्याला उशिरा कळले. नुसती गोष्ट सांगितली असती तर एवढे साधले नसते असे मला वाटते. त्याला काम मिळाले, म्हणून ते साधले.

एक आजी, वाई

वरील सर्व उपाय चांगले आहेत, पण एक विचारते. मूल रडले तर बिघडते काय? लक्ष वळवण्याच्या नादात त्या पोरीला रडायचीही चोरी होऊ नये.

निवृत्त परिचारिका, मिरज

आजी, अगदी मान्य. शिवाय गप्प बसलेल्या मुलाला दुखत नसते असेही नाही. बालरुग्ण विभागांत सहा चेहऱ्यांचा एक तक्ता वापरतात: हसऱ्या चेहऱ्याला शून्य, रडव्या चेहऱ्याला दहा. तीन वर्षांवरील बहुतेक मुले बोट ठेवून आपले दुखणे किती ते दाखवू शकतात. ताई, तसे चेहरे घरी वहीत काढून न्या. तिचे बोट दर वेळी शेवटच्याच चेहऱ्यांवर जात असेल, तर खेळ बदलत बसू नका, वेदनाशामकाविषयी डॉक्टरांशी पुन्हा बोला.

मुलीची आई, सातारा

सर्वांचे मनापासून आभार. आज डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा पाऊण तास आधी दिली आणि गॉज नीट भिजेपर्यंत आम्ही थांबलो. एसटीचे थांबे मला पाठ नाहीत, म्हणून मी कांदेपोह्यांची कृती सांगू लागले: आधी पोहे फोडणीत टाकायचे आणि मग नळाखाली धुवायचे. तिने ‘आई, आधी भिजवायचे’ असे दोनदा बजावले, मोहरी शेवटी घालू दिली नाही, आणि तिसऱ्या चुकीला मात्र ती रडलीच, कारण त्याच वेळी जखमेवरचा शेवटचा पदर निघत होता. चेहऱ्यांपैकी तिने चौथा दाखवला. मागच्या खेपेला विचारले असते तर सहावाच दाखवला असता. हात तिने दोनदाच वर केला. घरी येताना रिक्षात तिने विचारले की, उरलेली एक खेप परवाच्या तीनमध्ये मिळवता येईल का. काय सांगावे?

निवृत्त परिचारिका, मिरज

चार द्या.