लातूरच्या पाणीटंचाईतली अकरावीतली लव्हस्टोरी, 27 लाख कसे उभे करू?

कॅमेरावाला_लातूर

नमस्कार मंडळी. मी लातूरचा, लग्नाचे आणि प्रीवेडिंगचे शूट करतो, नऊ वर्षं झाली. दोन शॉर्टफिल्म केल्यात, आता फुल पिक्चर करायचाय आणि पैशाचं विचारायलोय.

गोष्ट 2016 च्या उन्हाळ्यातली आहे. अकरावीतली दोघं, ती इथलीच गंजगोलाईजवळची, तो क्लाससाठी बाहेरगावाहून येऊन रूमवर राहणारा. भेटतात पाण्याच्या रांगेत. त्या मार्चमध्ये आमच्याकडे टाक्यांजवळ कलम 144 (जमावबंदी) लावलं होतं, पाच माणसं जमायची नाहीत, म्हणून माणसं लांब सावलीत आणि रांगेत नुसती भांडी उभी. तर हा पोरगा रोज पहाटे येऊन आपला पांढरा कॅन बरोबर तिच्या घागरीमागं सरकवून ठेवतो, बोलत काहीच नाही. एक दिवस तो येतो तर त्याचा कॅन आधीच तिथं असतो, तिनं रूमच्या पायरीवरून उचलून आणून ठेवलेला. मग एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे येते, क्लास सुट्टी देतात, रूमवरची पोरं गावाकडं जातात. एवढीच गोष्ट, पण ती मी डोळ्यांनी बघितलीय आणि मला ती करायचीच आहे.

बजेट 36 लाख काढलंय, 22 दिवस शूट. माझे 6 आणि मित्राचे 3 असे 9 हातात आहेत. राहिलेल्या 27 साठी दोन रस्ते दिसायलेत. एक, इथले एक गृहस्थ 15 लाख द्यायला तयार आहेत पण त्यांचा पुतण्या हिरो पाहिजे (वय 26), हिरॉईन गोरी पाहिजे आणि जत्रेतलं एक गाणं पाहिजे. दुसरं, मित्र म्हणतात फेसबुकवर टाक, 5 हजार द्या आणि पिक्चर चालला की दुप्पट घ्या. मला दोन्हीची भीती वाटायलीय. कुणी केलं असेल तर सांगा.

प्रॉडक्शन_नाना

दादा गोष्ट फार चांगलीये, रांगेतला कॅन डोळ्यापुढे उभा राहिला. मी पुण्यात लाइन प्रॉडक्शन करतो, म्हणजे शूटचा खर्च आणि व्यवस्था बघतो, 14 वर्षं.

पहिलं म्हणजे ते 15 लाख घेऊ नका. पैसा वाईट नसतो, पण 26 वर्षांचा माणूस अकरावीतला म्हणून उभा केला की तुमची गोष्ट पहिल्याच सीनमध्ये मेली. पैसे देणाऱ्याचं नाव पडद्यावर येऊ दे, नफ्यात वाटा जाऊ दे, पण कास्टिंग आणि एडिट कुणाच्या हातात हे एका कागदावर सही करून ठरल्याशिवाय रुपया पण खात्यात घेऊ नका, घरच्या माणसाचा असला तरी.

दुसरं, 27 उभे करायच्या आधी 36 खाली आणा. 22 दिवस कशाला? तुमची लोकेशन्स म्हणजे रांग, रूम, मेस, क्लासचा जिना आणि तिचं घर, सगळं दोन किलोमीटरच्या आत बसतं, 16 दिवसांत होईल, दिवस कमी झाला की जेवण, गाडी, कॅमेऱ्याचं भाडं, लाइट सगळंच कमी होतं. रेल्वे दाखवू नका, स्टेशनवर शूटिंगची परवानगी आणि तिची फी तुमच्या बजेटला झेपणार नाही. रात्री गच्चीवर झोपलेल्या लोकांना लांबून इंजिनचा आवाज येतो आणि एकेक जण उठून बसतो, एवढंच ठेवा, त्याला खर्च फक्त आवाजाचा. आणि लाइव्ह साउंडवाला चांगला घ्या, तिथे काटकसर नको, रिकाम्या भांड्यांचा आवाज हेच तुमचं संगीत आहे.

शूट मे महिन्यात ठेवा. ऊन खरं मिळतं आणि पोरांना सुट्टी असते. पोरं खरीच 16-17 ची घ्या पण आईवडिलांची लेखी संमती, सेटवर घरचं एक माणूस, आणि दोघांमध्ये अंगलगटीचा एकही सीन नको, अठराच्या आतल्या मुलांबाबत कायदा फार कडक आहे आणि तुमच्या गोष्टीला त्याची गरजही नाही. हिरॉईनचा धाकटा भाऊ वगैरे 14 च्या आतला असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांच्या वर नाही, आणि त्याच्या मानधनातले 20 टक्के त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत ठेव म्हणून टाकावे लागतात. हे बजेटमध्ये आत्ताच लिहा.

अजून एक, पोस्टचे (शूटनंतरच्या एडिट, साउंड वगैरे कामाचे) आणि सेन्सॉरचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात ठेवा आणि तिकडे बघूच नका. मी स्वतः तीन पिक्चर असे पाहिलेत की शूट संपलं आणि हार्ड डिस्क वर्ष वर्ष कपाटात पडून, कारण सगळा पैसा सेटवर गेला. सरकारी अनुदान धरून तर अजिबात चालू नका. पिक्चरचा दर्जा ठरवून राज्य सरकार काही लाख देतं हे खरं, पण ते पिक्चर पूर्ण होऊन, समितीने बघून, मग. त्याच्या भरवशावर व्याजाने पैसे उचललेली माणसं मला माहितीयेत, व्याजानेच संपली.

हिशेबाची_वही

मी सीए आहे, छत्रपती संभाजीनगरला. दादा, ती "दुप्पट घ्या" वाली पोस्ट टाकू नका, मित्राने टाकली असेल तर आजच्या आज काढायला सांगा. लोकांकडून जाहीरपणे पैसे घेऊन परताव्याचं वचन देणं म्हणजे सरळ अनियंत्रित ठेवींच्या 2019 च्या कायद्याच्या आणि आपल्या राज्याच्या ठेवीदार संरक्षणाच्या 1999 च्या कायद्याच्या तोंडी जाणं आहे. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी उद्या एकाने तक्रार केली की पोलीस हेतू विचारत नाहीत, पोस्टचा स्क्रीनशॉट विचारतात.

तुम्ही पैशाचे दोन कप्पे करा आणि ते कधीच मिसळू देऊ नका.

एक कप्पा मदतीचा. इथे परतावा नाही, हे पहिल्या ओळीत लिहायचं. बदल्यात शेवटी नाव, पहिल्या खेळाचं तिकीट, सेटवर एक दिवस, असं काय जमेल ते. ही मोहीम जाहीर चालवता येते. पावती प्रत्येकाला, 100 रुपयाचीसुद्धा.

दुसरा कप्पा भागीदारांचा. इथे ओळखीतली मोजकी माणसं, ज्यांना बुडाले तर चालतील. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करा किंवा प्रायव्हेट कंपनी. कंपनी केलीत तर लक्षात ठेवा, शेअरची ऑफर एका आर्थिक वर्षात 200 पेक्षा जास्त लोकांना देता येत नाही आणि जाहिरात करून तर एकालाही देता येत नाही, पैसे बँकेतूनच घ्यायचे, रोख नाही. करारात पहिली रक्कम कुणाची फिटणार, अनुदान आलं तर कुणाला किती, ओटीटीचे हक्क विकले तर कुणाला किती, हे उदाहरणाचे आकडे टाकून लिहा. नुसते टक्के लिहिले की भांडण ठरलेलं, कारण प्रत्येक जण ते टक्के वेगवेगळ्या रकमेवर धरतो.

आणि अमेरिकेतल्या वर्गमित्रांकडे मागणार असाल तर आधी पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसे बँकेतून आले तर प्रश्न नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलेलं असेल तर ते परदेशी देणगीच्या कायद्यात जाऊ शकतं, तेव्हा घेण्याआधी विचारा, घेतल्यावर नाही.

सांगलीचा_पडदा

आम्ही केलंय म्हणून लिहितो. 2019 ला, 19 लाख, 163 माणसं, परतावा शून्य, पिक्चर पण शाळेतल्या पोरांचाच.

सुरुवातीला आम्ही पण चूक केली, स्क्रिप्टची फाइल आणि बजेट घेऊन लोकांच्या ऑफिसात बसायचो. प्रत्येक जण पहिलं वाक्य एकच बोलायचा, सैराटसारखं आहे का? आता सैराटने 2016 ला 100 कोटींच्या वर धंदा केला हे लोकांना माहिती असतं, पण त्याच्या मागे झी स्टुडिओज होता आणि दिग्दर्शकाचा आधीचा फँड्री होता हे कुणी बघत नाही. त्यामुळे तुम्ही "हो" म्हणालात तर तो 100 कोटी मोजायला लागतो आणि "नाही" म्हणालात तर चहा संपवून उठतो. चार महिन्यांत एक रुपया नाही आला.

मग आम्ही फाइल बंद केली आणि पिक्चरमधला एकच सीन शूट केला, चार मिनिटांचा, 18 हजारात. तो घेऊन फिरलो. गणेश मंडळ, सोसायटीची गच्ची, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं स्नेहसंमेलन, जिथं पांढरी भिंत आणि वीस माणसं असतील तिथं. सीन संपला की मी दोन मिनिटं बोलायचो आणि वही ठेवायचो. वहीत नाव, फोन, रक्कम. 500 पासून. लोक सीन बघून स्वतःच्या शाळेचं बोलायला लागायचे आणि मग पैसे मागावेच लागायचे नाहीत. तुमची रांग तर अख्ख्या लातूरने बघितलीय, तुम्हाला आमच्यापेक्षा सोपं जाईल असं मनापासून वाटतं.

हे काही आपण शोधून काढलेलं नाही. 1976 ला मंथन गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन दोन रुपये देऊन उभा केला, आणि मग तेच शेतकरी ट्रक भरभरून बघायला आले. कन्नडमध्ये लुसिया, 2013 ला आला, त्याला 110 जणांनी 27 दिवसांत 50 लाखाच्या आसपास दिले. तो रस्ता वेगळा होता, ती गुंतवणूक होती, वर सीए साहेबांनी म्हटलंय ते आधी वाचा. पण दोन्हीत एक गोष्ट सारखी, पैसे देणारा तोच पहिला प्रेक्षक. आम्हाला ते रिलीजला कळलं. मल्टिप्लेक्सने सकाळी अकराचा एक खेळ दिला, शुक्रवारी मोकळं दिसलं तर सोमवारी उतरवणार. 163 जणांना फोन केले, प्रत्येकाने पाच सहा माणसं आणली, शनिवारी खेळ भरला, आम्हाला दुसरा आठवडा मिळाला.

एक सांगतो, ओळखीच्या बाहेरून फार कमी येतं. आमच्या 19 मधले 15 हे तर आम्हाला किंवा आमच्या घरच्यांना ओळखणाऱ्यांचे होते. ऑनलाइन मोहीम लावली की अनोळखी लोक धावत येतील हे डोक्यातून काढा. आणि वहीत लिहिलेले सगळे पैसे येत नाहीत, तीनातल्या एकाचे राहूनच जातात, दोनदा फोन करायचा, तिसऱ्यांदा नाही.

औसारोडची_ताई

मी कधी लिहीत नाही इथे पण हे वाचून राहवलं नाही. 2016 ला माझी मेस होती औसा रोडला, 60 पोरं जेवायची. त्या उन्हाळ्यात भांडी घासायला पाणी नाही म्हणून मी ताटं बंद करून पत्रावळ्या आणल्या, आणि पोरांना सांगितलं एक ग्लास जेवताना आणि एक घरी न्यायला. एक पोरगा होता नांदेड बाजूचा, तो आपला न्यायचा ग्लास बाटलीत भरायचा आणि खाली एका मुलीला द्यायचा, ती दुसऱ्या क्लासची, मी खिडकीतून बघायची, कधी बोलले नाही. मेमध्ये दोघंही गेली. नंतर काय झालं मला माहीत नाही. म्हणून तुमचा पिक्चर मला बघायचाय.

पण एक बोलते, रागावू नका. तीन वर्षांपूर्वी एका मुलाच्या पिक्चरला मी 5 हजार दिले होते, असंच जाहीर आवाहन होतं. पैसे गेले त्याचं काही नाही, पण त्यानंतर एक मेसेज नाही. पिक्चर झाला का, अडकला का, बंद पडला का, काहीच नाही. मी दोनदा विचारलं, निळी टिक आली, उत्तर नाही. माणूस 5 हजार देतो तेव्हा त्याला पडद्यावर नाव नको असतं हो, आपण त्यात आहोत एवढं वाटायला पाहिजे. तुम्ही पैसे घेतलेत तर दर महिन्याच्या एक तारखेला चार ओळी पाठवा. काही झालं नसेल तर "या महिन्यात काही झालं नाही" असं पाठवा, तेही चालतं. आणि किती आले, किती गेले, ते पण.

एवढं कबूल असेल तर माझे 11 हजार धरा, आणि शूटिंगच्या दहा दिवसांचं दोन वेळचं जेवण माझ्याकडून, तीस माणसांपर्यंत. मेस आता मुलगा बघतो पण स्वयंपाकघर माझंच आहे.

प्रॉडक्शन_नाना

ताई, तीस माणसांचं दहा दिवसांचं दोन वेळचं जेवण म्हणजे या बजेटमधला एक लाखाच्या आसपासचा खर्च उचलला तुम्ही. दादा, असं वस्तूत आणि कामात आलेलं पण हिशेबात रुपयात लिहा, म्हणजे पुढच्याला दाखवता येतं की लोक आधीच उभे आहेत.

कॅमेरावाला_लातूर

आठ दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा, लग्नाची तारीख होती आणि मग तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं घेऊन बसलो होतो.

15 लाखवाल्यांना नाही सांगून आलो. नीट बोललो, ते पण नीट बोलले. बजेट पुन्हा काढलं, 16 दिवस, रेल्वे फक्त आवाजात, 27 लाख 40 हजारावर आलं. माझे आणि मित्राचे 9 आहेत, म्हणजे 18 लाख 40 हजार उभे करायचेत. पोस्टसाठी खातं वेगळं उघडलं, त्यात पहिले 2 लाख आमचेच टाकले. भागीदार फक्त चार जण घेणार, सगळे नात्यातले, सीए साहेब तुम्हाला मेसेज केलाय करारासाठी, तुमची फी सांगा, फुकट नको. बाकी सगळं मदतीच्या कप्प्यात.

रविवारी पहाटे रांगेचा सीन शूट करायलोय, ज्यात तिनं त्याचा कॅन आणून ठेवलेला असतो तोच. भांडी गल्लीतूनच गोळा केली, 70 झाली. एक आजी घागर द्यायला आल्या आणि स्वतःच जाऊन ओळीत ठेवून आल्या, मी म्हटलं आजी मी ठेवतो, तर म्हणाल्या माझा नंबर सोळावा असायचा, मला माहितीये.

ताई, एक तारखेचं कबूल. पहिला मेसेज तुम्हाला येईल. एक विचारायचं होतं, तो नांदेडचा पोरगा बाटली कसली आणायचा, काचेची की प्लास्टिकची?

औसारोडची_ताई

कोल्ड्रिंकची दोन लिटरची, लेबल काढलेली. आणि झाकण हरवलेलं होतं म्हणून वर तळहात धरून जिना उतरायचा.