शकुंतलेच्या वाटेनं यवतमाळ ते अचलपूर: सायकल, तंबू आणि मुक्काम

सायकलवाली वर्धा:
डिसेंबरच्या सुट्यांत मी आणि माझी भाची यवतमाळहून अचलपूरला सायकलनं जायचं म्हणतोय. शकुंतला, म्हणजे या मार्गावरची नॅरोगेज रेल्वेगाडी, बंद आहे, तर तिच्याच कडेनं जावं आणि रात्री तंबू टाकावा असा विचार आहे. अमेरिकेत बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर सायकलवाटा केल्यात, त्यातली ग्रेट अलेघेनी पॅसेज पिट्सबर्ग ते कम्बरलँड सुमारे २४० किलोमीटर आहे. आपली यवतमाळ-मूर्तिजापूर ११३ आणि मूर्तिजापूर-अचलपूर ७६. रुळाकडेनं सायकल चालते का? आणि तंबू कुठे टाकावा? दोघीच आहोत.

दारव्हेकर:
ताई, रुळाकडेनं जायचं पहिले डोक्यातून काढा. गिट्टीवर सायकल चालत नाही, अन् जागोजागी येड्या बाभळी माजल्या आहेत. त्यात जागा रेल्वेची. गाडी बंद असली तरी रेल्वे कायद्याचं कलम १४७, रेल्वेच्या जागेत विनापरवानगी शिरण्याचं, चालूच आहे. आमच्या लहानपणी गार्डच खाली उतरून फाटक लावे, गाडी काढे अन् मग पुन्हा फाटक उघडे. तेवढा निवांत कारभार आता कोणी करत नाही.

रस्त्यानं जा: दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर. निघायची बाजू बरोबर धरली तुम्ही. यवतमाळ उंचावर, मूर्तिजापूर पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे पहिला अर्धा भाग एकंदरीत उताराचा. स्टेशनं मधूनमधून वाट वाकडी करून पाहता येतात.

आता तंबूचं. शेतात, धुऱ्यावर, तुरीच्या कडेला अजिबात टाकू नका. बिबट्या हाये, पण मी त्याच्यासाठी म्हणत नाही. डिसेंबरात तूर, कापूस, हरभरा, सगळं उभं असते अन् रानडुकरं रात्री येतात. त्यांना अडवायला झटका मशीनचा तार लावला तर झटकाच बसते, पण काही जण सरळ लाइनचा करंट सोडतात. त्यावर माणसं मेली आहेत. अंधारात तार दिसत नाही. रात्री पीक राखत बसलेला जागलीवरचा माणूसही टॉर्च पाहून आधी डुक्कर नाही त चोरच समजते.

म्हणून अंधार पडायच्या आत गावात शिरा, पोलीस पाटलाला नाही त सरपंचाला भेटा अन् मारुतीच्या सभामंडपात किंवा जि.प. शाळेच्या वरांड्यात तंबू टाका. दोघी बाया आहेत म्हटल्यावर कोणाच्या तरी घरूनच बोलावणं येईल. कारंज्यात गुरुमंदिराच्या भक्तनिवासात विचारा, तिथं तंबूची गरजच नाही.

चूल पेटवू नका. कुटाराची म्हणजे भुशाची गंजी अन् कपाशीची वाळली पऱ्हाटी, दोन्हीले ठिणगी पुरते. लहान गॅस चालते, तोही ओट्यावर.

मूर्तिजापूरचा पोट्टा:
भाऊनं पाण्याचं सांगितलंच नाही. मूर्तिजापूर सोडलं की खारपाणपट्टा लागतो. दर्यापूर, पुढं अंजनगावच्या बऱ्याच भागात विहिरीचं, बोअरचं पाणी मचूळ. तहान भागत नाही, डाळ नीट शिजत नाही. नळयोजनेचंच पाणी मागा, मूर्तिजापुरातून बाटल्या भरूनच निघा. लाखपुरीले पूर्णा लागते, पण नदीचं पाणी पिऊ नका. ट्यूबमध्ये सीलंट टाका, सराट्याचे काटे लय हायेत. जाड टायरलेही सोडत नाहीत.

सायकलवाली वर्धा:
करंटचं माहीतच नव्हतं, शेतातच तंबू टाकणार होतो. अवकाळी पाऊस आला तर काय करावं? आणि अचलपूरहून चिखलदरा जोडावा का?

दारव्हेकर:
पाऊस आला त जिथं असाल तिथंच थांबा. काळी माती मडगार्ड अन् चाकाच्या मधात अशी भरते की सायकल ढकलता येत नाही. डांबर सोडू नका, पांदण रस्त्याकडे तर पाहूही नका. मडगार्ड घरीच ठेवून आले तर बरं.

चिखलदरा परतवाड्यातून एस.टी.नं पाहा. सामान लादून तो घाट चढणं म्हणजे वेगळीच मोहीम हाये. त्यापेक्षा एक दिवस अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावले द्या, गाडगेबाबांचं जन्मगाव. सुट्ट्यांची तारीख कळवा. दारव्ह्यात कोणाच्या घरी चहा घ्यायचा ते मी ठरवतो.