पायाळू बाळं : शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे काय झालं?

केतकीचं बन
३६ आठवडे झाले. काल सोनोग्राफीत पुन्हा तेच, डोकं वर आणि बूड खाली. तसं मला मशिनशिवायही कळतं म्हणा. हसले की उजव्या बरगडीखाली टेंगूळ येतं. सासूबाई खूश आहेत. पायाळू नातवंडाची लाथ बसली की उसण जाते, म्हणून शेजारच्या काकांची कंबर आत्ताच बुक झाली आहे.

पहिलटकरीण आहे. डॉक्टर म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात बाहेरून फिरवून बघू, नाही जमलं तर ३९ व्या आठवड्यात सीझर. ज्यांच्याकडे नेहमीपेक्षा वेगळं काही घडलं त्यांनी लिहा, मला ते आधी माहीत असलेलं बरं. उपाय नकोत. ओणवं राहणं, पोटाखाली टॉर्च धरणं, सगळं करून झालंय.

लीड्सची सून
दुसऱ्या वेळी ३७ व्या आठवड्यात फिरवून घेतलं. आधी गर्भाशय सैल पडायचं इंजेक्शन देतात, त्याने छाती धडधडते आणि हात थरथरतात, तेव्हा घाबरू नकोस. पोटावर जेल, मग डॉक्टरने तळहाताच्या टाचेने बूड ओटीतून वर उचललं आणि दुसऱ्या हाताने डोकं खाली दाबत नेलं. कणीक मळल्यासारखं. चार मिनिटांत फिरलं.

त्यानंतर बाळाचे ठोके ७० वर आले. खोलीत कुणी बोलेना. मला डाव्या कुशीवर वळवलं, दोन-तीन मिनिटांत ठोके पुन्हा १४० झाले. असं थोडा वेळ होऊ शकतं म्हणे. क्वचित लगेच सीझर करावं लागतं, साधारण २०० त एकदा, म्हणून हे ऑपरेशन थिएटर जवळ असेल तिथेच करायचं.

माझी खरी भानगड वेगळीच. रक्तगट ओ निगेटिव्ह. फिरवल्यावर अँटी-डी (बाळाच्या रक्ताविरुद्ध माझ्या अंगात प्रतिकार तयार होऊ नये म्हणूनचं इंजेक्शन) दिलं आणि रक्त तपासायला घेतलं. दुसऱ्या दिवशी फोन आला, बाळाचं रक्त माझ्यात अपेक्षेपेक्षा जास्त आलंय, परत या. मला दिलेला ५०० युनिटचा डोस बाळाच्या ४ मिलि रक्तपेशींना पुरतो, माझ्यात त्याहून जास्त सापडल्या. आणखी इंजेक्शन, पुन्हा तपासणी. मूल ठणठणीत जन्मलं. तुझा गट निगेटिव्ह असेल तर हा प्रश्न आधीच विचारून ठेव.

बिनकामाचा बाबा
बायकोचं बाळ एक पाय खाली सोडून बसलेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पाय खाली असला की गर्भाशयाचं तोंड नीट बंद होत नाही, नाळ घसरू शकते. पाणी गेलं तर कळांची वाट बघू नका. आम्ही 'हो हो' केलं.

३८ व्या आठवड्यात पहाटे साडेचारला पाणी गेलं. बाथरूममधून ती म्हणाली, "अहो, काहीतरी बाहेर आलंय. गरम आहे, दोरीसारखं." दवाखान्यात फोन केला. सिस्टर एका दमात म्हणाल्या, हात लावू नका, आत ढकलू नका, त्यांना गुडघे आणि छाती टेकवून ओणवं करा, बूड वर, आणि तसंच आणा. मागच्या सीटवर ती ओणवी, वहिनी तिला धरून. रस्त्यात १७ गतिरोधक आहेत. मला आजही पाठ आहेत.

दारातच एका सिस्टरने हात आत घालून बाळाला वर उचलून धरलं, नाळेवरचा दाब जावा म्हणून, आणि पोट उघडेपर्यंत तो हात काढला नाही. स्ट्रेचरबरोबर तशीच वाकून पळत गेली. पोरगा चार दिवस काचेत होता. आता सहा वर्षांचा आहे.

बोरन्हाण
सीझरच्या सकाळी टेबलावर घ्यायच्या आधी सहज सोनोग्राफी केली तर डोकं खाली! पेटी, दुपटी, थर्मास, आई, सगळ्यांसकट घरी परत.

तिघींची आई
माझ्या तिघीही पायाळू. तिसरीच्या सीझरला पोट उघडल्यावर कळलं की गर्भाशय पत्त्यातल्या बदामासारखं आहे, फिरायला जागाच नव्हती. आणि मी दोन्ही खेपा डोहाळ्यांना दोष दिला.

उनाड
सीझर म्हणजे बाळाला काहीच धोका नाही, असं मीही समजत होते. माझ्या लेकाचे पाय सरळ वर, कानापाशी. काढताना ओढ बसली असणार. तिसऱ्या दिवशी लंगोट बदलताना डावी मांडी सुजलेली दिसली, तो पाय हलवेना. एक्स-रेत मांडीचं हाड मोडलेलं. हे फार क्वचित होतं आणि तान्ह्यांची हाडं भराभर जुळतात हे अस्थितज्ज्ञांनी समजावलं. पट्ट्यांचा हार्नेस लावला, महिन्याभरात जुळलं, आज फुटबॉल खेळतो. राग मोडल्याचा नाही. पहिल्या दिवशी तो पाय कुणी नीट पाहिला नाही, आणि मी म्हटलं तेव्हा "बाळं रडतातच" ऐकवलं, त्याचा आहे.

निवृत्त सिस्टर
३१ वर्षं लेबर रूम केली. दिवस भरताना शंभरात तीन-चार बाळं अशी असतात. पूर्वी आम्ही बरीच नॉर्मल करायचो. २००० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २६ देशांतल्या दोन हजारांवर बायकांचा अभ्यास आला, ठरवून सीझर केलेल्यांची बाळं जास्त सुखरूप निघाली, आणि बघता बघता नॉर्मल करणारे हात कमी झाले. अभ्यासावर पुढे बरीच टीका झाली, पण गेलेले हात काही परत आले नाहीत.

आमच्या मॅडम म्हणायच्या, ढुंगण दिसलं की आपले हात पाठीमागे. घाईने ओढलं की बाळ हात वर टाकतं, हनुवटी छातीपासून सुटते आणि डोकं अडकतं. एकदा ३२ आठवड्यांची बाई वाटेतच कळा देत आली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं अंग बारीक, डोकं मोठं. पिशवीचं तोंड पुरतं उघडायच्या आत अंग बाहेर आलं, डोकं आत. ते बाळ वाचलं नाही. केतकी, तुझे दिवस भरत आलेत, हे तुझ्यासाठी नाही. पण विचारलंस म्हणून लिहिलं.

सदाफुली
सगळे जन्मापर्यंतच बोलताहेत, म्हणून लिहिते. माझी लेक १४ महिन्यांची झाली, चालायला लागली आणि लंगडतेय असं दिसलं. खुब्याचा सांधा जन्मापासून निखळलेला होता. ऑपरेशन, मग कमरेपासून खाली प्लास्टर, तेही ऐन मे महिन्यात. पायाळू बाळांत हे जास्त दिसतं, मुलींत तर आणखी, आणि सीझर झालं म्हणून टळत नाही. सहा आठवड्यांची असताना खुब्याची सोनोग्राफी केली असती तर नुसत्या पट्ट्यांवर भागलं असतं. त्यात आमच्याकडे न्हाऊ घातल्यावर पाय सरळ ओढून दुपट्यात करकचून बांधायची पद्धत. पाय बेडकासारखे मोकळे राहू दे, आजी कितीही ओरडली तरी.

जुनी चप्पल
मी स्वतः पायाळू, वय ५२. आजवर गल्लीतल्या निम्म्या कंबरांना लाथ मारून झालीये. कुणाची उसण गेली माहीत नाही, पण चहा सगळ्यांनी पाजला. वीज चमकली की आई मला अजूनही अंगणातून आत बोलावते.

केतकीचं बन
काल प्रयत्न झाला. दोनदा ढकललं, हललं नाही, दुखायला लागलं म्हणून मीच थांबा म्हटलं. ठोके छान होते. रक्तगट बी पॉझिटिव्ह. पाय सरळ वर आहेत, उनाड, म्हणून डॉक्टरांना मांड्या त्याच दिवशी बघा असं सांगितलं. त्या हसल्या, पण लिहून घेतलं. फाइलवर सहाव्या आठवड्याची खुब्याची सोनोग्राफीही लिहिली. गाडीची किल्ली आता दाराच्या खुंटीलाच असते. ३९ व्या आठवड्यातला गुरुवार ठरलाय. बोरन्हाण, टेबलावर घ्यायच्या आधी पुन्हा एकदा मशीन लावा म्हणून सांगून ठेवलंय.