वापरलेली इलेक्ट्रिक गिटार: सेटअप कोणत्या क्रमाने करावा? (मदत हवी आहे)

नमस्कार.

स्ट्रॅटोकास्टर पद्धतीची, तीन सिंगल-कॉइल पिकअप (तारांचा कंप टिपणारे, एकेका वेटोळ्याचे भाग) आणि ट्रेमोलो ब्रिज (दांड्याने हलवून स्वर चढवता-उतरवता येणारा तारांचा आधार) असलेली एक वापरलेली इलेक्ट्रिक गिटार मी नुकतीच घेतली आहे. लाकूड आणि खुंट्या उत्तम स्थितीत आहेत, नेकला पीळ दिसत नाही आणि फ्रेटही (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) फारसे झिजलेले नाहीत, त्यामुळे वाद्य मुळात चांगले असावे असे वाटते. तिच्यावर आधीच्या मालकाने लावलेल्या बऱ्याच जाड आणि गंजलेल्या तारा होत्या. त्या काढून मी ९-४२ चा संच, म्हणजे पहिली तार ०.००९ इंच आणि सहावी ०.०४२ इंच असलेला, लावला आणि नेहमीच्या ई स्वरमेळात ट्यून केला.

त्यानंतर दिसलेल्या तक्रारी अशा: तिसरी ते सहावी या तारा मोकळ्या वाजवल्या तरी खरखरतात आणि पहिल्या चार-पाच फ्रेटपर्यंत ती खरखर कायम राहते, मात्र सातव्या फ्रेटच्या पुढे आवाज बराच स्वच्छ आहे. ब्रिजचा मागचा भाग बॉडीवर पूर्ण टेकला आहे, त्यामुळे ट्रेमोलोचा दांडा वर ओढून स्वर चढवता येत नाही. ट्यूनरवर तपासले तर बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर त्याच जागच्या हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेल्या स्वरापेक्षा) जवळजवळ सर्वच तारांवर थोडा उतरलेला दिसतो. शिवाय टोनचा नॉब फिरवताना कुरकुर ऐकू येते.

मिलिमीटरची पट्टी, फीलर गेज (बारीक फट मोजायची पाती), कापो (सर्व तारा एकत्र दाबणारा चिमटा), ट्यूनर आणि षटकोनी चाव्या माझ्याकडे आहेत. कोणते काम आधी करावे आणि कोणते नंतर, ट्रस रॉडला (नेकचा बाक सांभाळणारी आतली धातूची सळई) स्वतः हात लावावा का, आणि कोणत्या टप्प्यावर जाणकार कारागिराकडे जावे, याबद्दल मार्गदर्शन मिळावे ही विनंती. खरखर घालवण्यासाठी सॅडल (ब्रिजवरचे प्रत्येक तारेचे छोटे आधार) उंच करण्याचा मोह होतो आहे, पण मूळ कारण कळेपर्यंत तो आवरला आहे.

प्रतिसाद १

तो मोह आवरलात हे उत्तम केलेत. तुम्ही चार तक्रारी लिहिल्या आहेत, पण माझ्या मते त्यांतल्या पहिल्या तीन तक्रारींचे कारण एकच आहे आणि ते तुमच्याच मजकुरात आले आहे: आधीच्या मालकाच्या तारा जाड होत्या. जाड तार त्याच स्वराला आणायला जास्त ताण लागतो. तो ताण पेलण्यासाठी कोणीतरी ट्रस रॉड आवळला असणार, मागच्या पोकळीतल्या स्प्रिंगांचा क्लॉ (त्या जिला अडकवलेल्या असतात ती पट्टी) आत ओढला असणार आणि जाड तारांच्या हिशेबाने सॅडल मागे घेतली असणार. आता बारीक तारांचा ताण कमी पडतो. म्हणून नेक उलट्या बाजूला वाकला आहे, स्प्रिंगांनी ब्रिज बॉडीवर ओढून धरला आहे आणि इंटोनेशन (दाबलेल्या स्वरांचा अचूकपणा) उतरले आहे. म्हणजे गिटार बिघडलेली नाही, ती दुसऱ्या तारांसाठी लावलेली आहे. तुम्हाला जाड तारा आवडत असतील, तर जुन्या जाडीचा संच परत लावूनही बहुतेक प्रश्न सुटतील. ९-४२ वरच राहायचे असेल, तर पुढे वाचा.

सुरुवात ब्रिजपासून करा, कारण तो हलला की तारांची उंची आणि लांबी दोन्ही बदलतात आणि आधी घेतलेली सगळी मापे वाया जातात. मागचे झाकण काढून क्लॉचे दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सैल करा, पुन्हा ट्यून करा, ब्रिज पाहा, आणि त्याची मागची कड बॉडीपासून सुमारे ३ मिमी उचलली जाईपर्यंत हे चालू ठेवा. काम कंटाळवाणे आहे, कारण एक तार चढवली की बाकीच्या उतरतात, पण घाई करून काही साधत नाही. दांड्याने स्वर चढवण्याची तुम्हाला खरोखर गरज नसेल, तर ब्रिज बॉडीला टेकलेलाच ठेवणे हाही शहाणपणाचा पर्याय आहे: मग एखादी तार तुटली तरी बाकीच्या स्वरात राहतात. मी स्वतः माझी गिटार तशीच ठेवतो.

त्यानंतर नेक. पहिल्या फ्रेटवर कापो लावा, सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटचा माथा व तार यांच्यामधली फट फीलर गेजने मोजा. फेंडरच्या सेटअप-मार्गदर्शिकेत ९.५ ते १२ इंच त्रिज्येच्या (म्हणजे आडव्या बाकाच्या त्रिज्येच्या) फिंगरबोर्डसाठी ही फट ०.२५ मिमी दिली आहे. तुमच्याकडे ती शून्य असेल आणि तार मधल्या फ्रेटांना टेकलेली असेल, असा माझा अंदाज आहे. कंप पावणाऱ्या तारेला मधोमध जागा लागते, आणि नेक मागे वाकला की तीच नाहीशी होते. म्हणूनच तुमची खरखर मोकळ्या तारेवर आणि सुरुवातीच्या फ्रेटवर आहे, वरच्या भागात नाही. ट्रस रॉड घड्याळाच्या उलट दिशेने, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही, असा सैल करा, पुन्हा ट्यून करून मोजा आणि शक्य असेल तर एक रात्र जाऊ द्या, कारण लाकूड सावकाश हलते. चावी स्क्रूमध्ये घट्ट आणि पूर्ण खोलवर बसलीच पाहिजे. इंचातल्या स्क्रूत मिलिमीटरची जवळपास बसणारी चावी घातली की कोपरे झिजतात, आणि पुढे तो स्क्रू फिरवणे हे कारागिरासाठीही डोकेदुखीचे काम होते. रॉड पूर्ण सैल होऊनही फट येत नसेल, तर तिथेच थांबा.

तारांची उंची यानंतरच ठरवा. ९.५ ते १२ इंच त्रिज्येसाठी त्याच मार्गदर्शिकेतले माप सतराव्या फ्रेटवर १.६ मिमी आहे, मात्र ती फक्त सुरुवात समजा: जोरकस हाताला थोडी जास्त उंची लागते, हलक्या हाताला कमी चालते. सगळी सॅडल एका पातळीत ठेवू नका. फिंगरबोर्डचा बाक जसा आहे, तसाच बाक सहा तारांचाही यायला हवा.

नट (नेकच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) तपासायला विसरू नका, कारण त्याच्या खाचा जाड तारांसाठी रुंद केल्या असण्याची शक्यता आहे. प्रत्येक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवरची फट पाहा. ती केसाएवढी हवी, पण असायलाच हवी. अजिबात नसेल, तर नेक सरळ झाल्यावरही मोकळी तार झणझणत राहील. तंबोऱ्यात ही जवारी हवीहवीशी असते, इथे ती कोणालाच नको असते. अशा वेळी नट बदलून घ्यावा. खाच खोल करणे सोपे असते, भरून काढणे नाही. म्हणून कानस हाती घेऊ नका.

इंटोनेशन सर्वांत शेवटी. दाबलेला स्वर हार्मोनिकपेक्षा उतरलेला असेल तर सॅडल नेकच्या दिशेने पुढे, चढलेला असेल तर मागे. दर वेळी मोकळी तार पुन्हा ट्यून करा आणि फ्रेट दाबताना मुद्दाम जोर लावू नका, नाहीतर तुम्ही गिटारऐवजी स्वतःचे बोट मोजत बसाल.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. इंटोनेशनच्या आधी पिकअपची उंचीही पाहा, असे एवढेच जोडतो. सिंगल-कॉइल पिकअपचे चुंबक तारेच्या फार जवळ आले की तारेला खेचतात, वरच्या फ्रेटवर स्वर लहरतो आणि ट्यूनरचा काटा स्थिरच होत नाही. मग सॅडल कितीही हलवले तरी उपयोग नाही. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपच्या खांबापर्यंतचे अंतर सहाव्या तारेखाली सुमारे २ मिमी आणि पहिल्या तारेखाली १.६ मिमी ठेवून पाहा.

टोनच्या नॉबची कुरकुर बहुधा पॉटमधल्या (नॉबखालच्या फिरत्या विद्युत भागातल्या) धुळीची आहे. वंगण असलेला कॉन्टॅक्ट क्लीनर पॉटच्या फटीत थोडा फवारून नॉब दोन्ही टोकांपर्यंत बऱ्याच वेळा फिरवा. तेवढ्याने गेली नाही तर पॉट बदलावा, तो महाग भाग नाही.

प्रतिसाद ३ (धागालेखक)

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. मागचे झाकण उघडले तेव्हा क्लॉ खरोखरच लाकडापर्यंत ओढलेला होता. आता ब्रिज ३ मिमी उचलला आहे, आठव्या फ्रेटवरची फट ०.२५ मिमी आली आहे, आणि मोकळ्या तारांची व पहिल्या फ्रेटांची खरखर सॅडलला हात न लावताच थांबली. नटच्या खाचा रुंद आहेत, परंतु पहिल्या फ्रेटवर फट शिल्लक आहे. इंटोनेशन आणि टोनचा नॉबही मार्गी लागले.

एकच शंका उरली आहे. तिसरी तार चौदाव्या फ्रेटवर दाबली की खरखरते, तेराव्यावर आणि पंधराव्यावर मात्र स्वच्छ वाजते. यासाठी तारांची उंची वाढवावी का?

प्रतिसाद ४

एकाच फ्रेटवर खरखर असेल, तर पंधरावा फ्रेट त्या जागी उंच आहे किंवा चौदावा झिजलेला आहे. तीन फ्रेटांवर बसेल अशी छोटी सरळ धातूची पट्टी चौदा, पंधरा आणि सोळा यांच्यावर ठेवा. ती पंधराव्यावर डुलत असेल, तर तो फ्रेट खाचेतून उचलला गेला आहे का, हे नखाने कड तपासून पाहा. उचललेला फ्रेट परत बसवणे किंवा उंच फ्रेट घासून त्याचा माथा पुन्हा गोल करणे, हे काम मात्र कारागिराकडेच द्या, आणि देताना तुम्ही ठरवलेली मापे व तारांची जाडी कागदावर लिहून गिटारसोबत द्या. तोवर उंची वाढवू नका. एका फ्रेटसाठी सगळी गिटार वाजवायला जड करण्यात अर्थ नाही.