शब्दचर्चा: यिर्मयाचा 'शूव' आणि आपला 'पश्चात्ताप'

प्रश्न: बायबलच्या जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात लोकांना पुन्हापुन्हा पश्चात्ताप करायला सांगितलंय, असं आपण म्हणतो. मूळ हिब्रूत त्यासाठी शब्द कोणता? आणि यिर्मया ज्याला 'न्याय' म्हणतो, तो म्हणजे शिक्षाच का?

उत्तर: शब्द दोन आहेत, आणि ते वेगळे ठेवलेले बरे. एक 'शूव', दुसरा 'नाहाम' (पस्तावणे; त्याच्याकडे पुढे येऊ).

'शूव' हे पायांचं क्रियापद आहे: वळणे, परतणे, माघारी फिरणे. एकट्या यिर्मयात हा धातू शंभराहून अधिक वेळा येतो. माणूस घरी परतला तरी शूव, बंदिवान मायदेशी परतले तरी शूव, आणि लोक देवाकडे वळले तरी शूवच. गंमत म्हणजे देवाला पाठ दाखवून जाणंही याच धातूतून येतं. अध्याय 3, ओवी 22 मोठ्याने वाचून बघा: 'शूवू बानीम शोवावीम, एर्पा मेशूवोतेखेम'. चार-पाच शब्दांत एकच धातू तीनदा. मराठीला हे जमत नाही असं नाही. आपण 'तो ऐन वेळी फिरला' म्हणतो आणि 'वाटेतून माघारी फिरला' असंही म्हणतो. म्हणून मी त्याचं असं करीन: 'माघारी फिरा, फिरलेल्या लेकरांनो, तुमचं फिरणं मी बरं करीन.'

न्यायासाठीचा शब्द 'मिश्पात'. त्यात निवाडा आहे, शिक्षाही आहे, पण रीत आणि नेमसुद्धा आहे. 8:7 मध्ये यिर्मया म्हणतो की आकाशातल्या करकोच्याला आपला काळ कळतो, होला आपल्या येण्याची वेळ पाळतो, पण माझ्या लोकांना परमेश्वराचा मिश्पात कळत नाही. इथे 'शिक्षा' हा अर्थ बसतच नाही. स्थलांतर करणारा पक्षी ठरल्या वेळी परत येतो, माणूस मात्र येत नाही, ही त्याची व्यथा आहे. आणि हा नेम हवेतला नाही. 22:13-14 मध्ये तो यहूदाच्या यहोयाकीम राजाला सुनावतो, कारण राजा देवदाराच्या तक्तपोशीचा वाडा बांधतोय आणि राबणाऱ्यांची मजुरी बुडवतोय. 'मिश्पाताविना माड्या' असे त्याचे शब्द आहेत.

प्रतिसाद: पण 'पश्चात्ताप' मराठीत इतका रुळलाय की त्याची व्युत्पत्ती (पश्चात् + ताप, मागाहून होणारा ताप) कोण बघतं? ज्याला खरा पश्चात्ताप होतो तो सुधारतोच. वेगळा शब्द कशाला?

उत्तर: व्युत्पत्ती बाजूला ठेवू, वापर बघू. पश्चात्ताप आपल्याला 'होतो'. शूव माणसाला करावं लागतं, पाय उचलावे लागतात. शिवाय मराठीत सर्रास म्हणतात, 'आता पश्चात्ताप करून काय उपयोग?' म्हणजे आपल्याकडे हा शब्द वेळ टळून गेल्यावर येतो. यिर्मयाचा सगळा आटापिटा वेळ टळायच्या आत वळण्यासाठी आहे. यरुशलेम पडलं इ.स.पू. 587-86 च्या सुमारास. तो त्याआधी चाळीसेक वर्षं बोलत होता.

अध्याय 36 मधला प्रसंग घ्या. यिर्मयाचा लेखनिक बारूख याने त्याच्या तोंडून उतरवून घेतलेली गुंडाळी याच यहोयाकीम राजापुढे वाचली जाते. हेतू देवाने स्पष्ट सांगितलाय: कदाचित लोक आपल्या वाईट वाटेवरून वळतील (शूवच!) आणि मी क्षमा करीन. नववा महिना, थंडीचे दिवस, राजापुढे शेगडी पेटलेली. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाच्या चाकूने तेवढा भाग कापतो आणि निखाऱ्यांवर टाकतो. पुढची ओळ म्हणते की कुणीही भ्यायलं नाही, कुणी कपडे फाडले नाहीत. गुंडाळी कापण्याला आणि कपडे फाडण्याला हिब्रूत क्रियापद एकच आहे, 'कारा'. दुःखाने फाडायची ती वस्त्रं शाबूत राहिली, फाटली ती गुंडाळी. मला हा सबंध पुस्तकातला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग वाटतो.

आता 'नाहाम'. तुमचा 'पश्चात्ताप' इथे शोभतो, कारण यात मनाची कालवाकालव आहे. पण 31:19 मधला क्रम बघा. एफ्राइम (म्हणजे इस्राएलचं उत्तरेकडचं राज्य) म्हणतो, 'वळल्यानंतर मला पस्तावा झाला.' आधी पाय वळले, मग मन पोळलं. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात दुराचारी आधी अनुतापतीर्थात न्हातो आणि मग देवात येतो. दोन्हीकडे पायऱ्या दोनच, क्रम उलटा.

प्रतिसाद: मग देवालाही 'अनुताप' झाला असं येतं, त्याचं काय?

उत्तर: तिथेही नाहामच. अठराव्या अध्यायात कुंभाराच्या चाकावर भांडं बिघडतं आणि तो त्याच मातीचं दुसरं घडवतो. त्यावरून देव सांगतो की राष्ट्र वाईटापासून वळलं (शूव), तर मी योजलेल्या अरिष्टाबद्दल नाहाम करीन. राष्ट्र बिघडलं, तर ठरवलेल्या भल्याबद्दलही नाहाम करीन. देवाने पाप केलं आणि तो पस्तावला, असा अर्थ नाही. मी तिथे 'बेत बदलीन' लिहीन. याच धातूचा आणखी एक अर्थ 'सांत्वन' असा आहे. 31:15 मध्ये राहेल (इस्राएलची आदिमाता) लेकरांसाठी रडते आणि सांत्वन करून घ्यायला नकार देते, तिथेही हाच धातू. एफ्राइमचा पस्तावा त्याच्या चारच ओव्या पुढे आहे, म्हणून हे दोन्ही उतारे सलग वाचावेत.