ब्रेक्झिट झालं तेव्हा तुम्हाला काय वाटलं? (अनुभव लिहा)

23 जून 2016 ला ब्रिटनने युरोपियन युनियनमध्ये राहायचं (रिमेन) की बाहेर पडायचं (लीव) यावर सार्वमत झालं तेव्हा मी लंडनला हाउन्स्लोत होते. पासपोर्ट भारताचा, तरी घरी पोलिंग कार्ड आलं, कारण कॉमनवेल्थवाल्यांना इथे मत असतं, हे भारतात कुणाला सांगितलं तर अजूनही पटत नाही. खालच्या मजल्यावरची पोलिश बाई माझ्या कितीतरी आधीपासून इथे, टॅक्स भरतेय, मुलं इथल्याच शाळेत, आणि तिला मत नाही! त्या दिवशी धो धो पाऊस. शाळेच्या हॉलमध्ये मतदान, नाव-पत्ता सांगितला की कागद हातात, ओळखपत्र नाही, बोटाला शाई नाही, आणि फुली मारायला दोरीने बांधलेली पेन्सिल. पेन्सिल!! मी रिमेनला मारली. सकाळी बघते तर 51.9 विरुद्ध 48.1, कॅमेरन राजीनामा देतायत. जिन्यात ती बाई भेटली, काय बोलावं सुचेना, मी आपलं पावसाबद्दल बोलले.
लीववाल्यांनीही लिहा, मी भांडणार नाही.

स्लावकर
मी लीव. घ्या. लंडनजवळच्या स्लाव (Slough) गावात 54 टक्के लीव पडलं आणि इथे आपले देशी लोक किती आहेत ते येऊन बघा, नुसते गोरे म्हातारे नव्हते त्यात. माझं कारण सरळ होतं. बाबा गेले, आई साताऱ्यात एकटी, आणि 2012 ला नियम बदलल्यापासून आईवडलांना कायमचं इथे आणणं जवळजवळ बंदच, वकिलाने तोंडावर सांगितलं की फी वाया घालवू नका. बायकोला आणायचं तर तेव्हा 18,600 पाउंड पगार दाखवावा लागायचा. आणि माझ्या टीममधला इटालियन त्याच्या आईला घेऊन आला, युरोपच्या कायद्याने. माणूस चांगला, त्याच्याशी वाकडं नाही, पण राग आला तो आला. प्रचारात तर सांगत होते युरोपचा लोंढा थांबला की कॉमनवेल्थवाल्यांना न्याय, करी हाउसला आचारी मिळतील वगैरे. आईचा नियम आहे तिथेच आहे. फक्त आता नव्याने येणाऱ्या इटालियनलाही तोच लागतो. परत सार्वमत झालं तरी मी लीवच करेन.

डिचोलीचो
मी गोव्याचा, आता इंग्लंडात स्विंडनला. आमच्याकडे आजोबा 1961 च्या आधी पोर्तुगीज गोव्यात जन्मलेले असले की नातवापर्यंत लिस्बनला जन्म नोंदवून पोर्तुगीज पासपोर्ट काढता येतो, अर्ध्या गोव्याला माहीत आहे. भारताचा पासपोर्ट सरेंडर केला, आई दोन दिवस जेवली नाही. आता गंमत बघा, भारताच्या पासपोर्टवर कुठल्यातरी व्हिसाने आलो असतो तर मला मत असतं, पोर्तुगीज होऊन आलो म्हणून नाही. निकालाच्या रात्री वेअरहाउसमध्ये रात्रपाळी होती, ब्रेकला कॅन्टीनच्या टीव्हीवर स्विंडनचा आकडा दिसला, 54.7 टक्के लीव. आम्ही गोंयकार, पोल, रोमानियन सगळे एका टेबलावर, कोण काय बोलेना. सुपरवायझर म्हणाला तुम्हा लोकांबद्दल नाही रे हे. मग कोणाबद्दल?
नंतर ते सेटल्ड स्टेटस, म्हणजे आधीपासून इथे असलेल्या युरोपियन पासपोर्टवाल्यांना राहायची परवानगी. ॲप सुरुवातीला आयफोनवर चालतच नव्हतं, मग पुतण्याचा सॅमसंग आणायचा, पासपोर्ट फोनच्या पाठीला चिकटवून धरायचा, चिप वाचली जाईपर्यंत श्वास पण घ्यायचा नाही. काकीचा पासपोर्ट वाचला तर तिचा चेहरा घेईना, चष्मा काढ, दिव्याखाली ये, हसू नको. एवढं करून हातात काय? कार्ड नाही, कागद नाही, फक्त ईमेल. घरमालकाला स्टेटस तपासायला ऑनलाइन शेअर कोड काढून द्यायचा आणि तो म्हणतो मला व्हिसाचा स्टॅम्प दाखव. आतेभावाने लिस्बनचे कागद करायला उशीर केला, 31 डिसेंबर 2020 ची मुदत उलटली आणि इकडचा रस्ता बंद. तो आता आयर्लंडला गेला, त्याच पासपोर्टवर.
स्लावकर, राग तुमच्या सरकारवर होता ना, मग आमच्यावर का काढलात?

स्लावकर
तुमच्यावर नाही काढला. मत एकच होतं हो, त्यात दोनच चौकोन होते.

पुणेरी पालक
आमचा फायदा झाला, लाज वाटते सांगायला. मुलाची मास्टर्सची फी भरायची होती आणि शंभरच्या आसपासचा पाउंड एका दिवसात नव्वदीत. बँकेत अक्षरशः धावत गेलो.

औषधवाली
मी औषधांच्या रेग्युलेटरीमध्ये, म्हणजे परवान्यांच्या कामात आहे. युरोपची औषध एजन्सी लंडनच्या कॅनरी व्हार्फमध्ये होती, 2019 ला ॲमस्टरडॅमला गेली. युरोपात औषध विकायचं तर लायसन्स युरोपातल्याच कंपनीच्या नावावर हवं, त्यामुळे आमची सगळी लायसन्सं इंग्लंडमधून डब्लिनच्या पत्त्यावर फिरवायची, प्रत्येक औषधाची वेगळी फाइल, खोक्यावरचा पत्ता बदलला म्हणून नवं छपाईचं काम. गोळी तीच. भावना म्हणाल तर मला वेळच झाला नाही.

बेलफास्ट
नॉर्दर्न आयर्लंडने 55.8 टक्के रिमेन केलं होतं. ऑफिसात सगळे घाबरलेले, आयर्लंडशी बॉर्डर परत येते की काय. रस्त्यावर तर आजही काही नाही, डब्लिनची बस सरळ जाते. पण भारताचा पासपोर्ट असेल तर सहसा आयरिश व्हिसा लागतो, आधीही लागायचा, आणि बसमध्ये पोलीस चढून कागद बघतात कधीकधी. इथे येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) डब्लिन चालत नाही.