सल्ला हवा आहे: दोन फुटी फिशटँकसाठी घरच्याघरी एलईडी लाइट

गप्पी_गप्प
नमस्कार मंडळी,
घरी दोन फुटी टाकी आहे. माप ६० बाय ३० बाय ३६ सेंमी. टाकीबरोबर दुकानदाराने जो प्लास्टिकचा हूड दिला होता, त्यातली ट्यूब गेल्या महिन्यात फडफडायला लागली. हूड उघडला तर होल्डरच्या पत्र्यांवर हिरवा थर आणि चोकवर चक्क पाण्याचे थेंब. चार वर्षं ही गोष्ट आमच्या डोक्यावर दिमाखात जळत होती!

प्लांटेड टाकीचे रेडीमेड लाइट बघितले आणि किमती बघून मोबाईल खाली ठेवला. डिप्लोमाला असताना डाग द्यायला शिकलो होतो, सोल्डरिंगची इस्त्री अजून माळ्यावर आहे. तेव्हा विचार असा, की १२ व्होल्टची पाच मीटर स्ट्रिप आणायची, तिचे तुकडे झाकणाला आतून चिकटवायचे, आणि जाळीच्या पत्र्याचा एसएमपीएस (२३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा डबा) टाकीमागे ठेवायचा.

प्रश्न: स्ट्रिप किती मीटर लागेल? पांढरी घ्यावी की लाल-निळी? झाडांत वालिस्नेरिया, क्रिप्टोकोरीन आणि लाकडाला बांधलेलं अनुबियास आहे. मासे म्हणजे गप्पी, सहा निऑन टेट्रा आणि काही गोगलगायी (या विकत घेतलेल्या नाहीत, झाडांबरोबर फुकट आल्या). बजेट हजाराच्या आत. मुक्काम पुणे. घरात पाच वर्षांची मुलगी आहे आणि तिचा हात दिवसातून दहा वेळा टाकीत असतो, हेही लक्षात घ्या.
आगाऊ धन्यवाद.

कडीपत्ता
कशाला एवढा खटाटोप? दोन फुटी एलईडी बॅटन मिळतात, १० वॅटच्या. खोक्यावर ६५०० के (केल्विन, म्हणजे उजेड किती पांढरा त्याचं माप) बघून दोन आणा, टाकीच्या काठावर आडव्या टाका, झालं. माझ्याकडे दीड वर्ष चालू आहेत आणि वालिस्नेरिया उपटून फेकावं लागतंय इतकं माजलंय.

रोधक
कडीपत्ता, उजेडाबद्दल तुमचं बरोबर आहे. पण खोलीत लावायच्या बॅटनमध्ये २३० व्होल्ट थेट आत जातात, आणि आतला ड्रायव्हर बहुतेक वेळा आयसोलेटेड नसतो. म्हणजे मेन्सची लाइन आणि एलईडीची पट्टी यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मरची भिंत नसते. ती वस्तू भिंतीवर लावायला बनवली आहे, पाण्यावर आडवी टाकायला नाही. एक मासा उडाला, बॅटन घसरली, आणि मुलीचा हात आत... पुढचं लिहीत नाही. वापरायच्याच असतील तर टाकीच्या वर फूटभर, भिंतीला ब्रॅकेट मारून.

सोल्डरकाका
गप्पी_गप्प, स्ट्रिप झाकणाला आतून चिकटवू नका. हा उद्योग मी केला आहे. तीन महिन्यांत डबल टेप सुटला आणि एका सकाळी स्ट्रिपचं टोक पाण्यात लोंबत होतं. तांब्याच्या पॅडवर तुमच्या होल्डरवर होता तोच हिरवा थर. टाकीवरचं झाकण म्हणजे चोवीस तास वाफेचं पातेलं हो. आपण सगळे वॅट मोजत बसतो आणि लाइट मरतो तो दमटपणाने.

मी आता काय करतो ते सांगतो. दुकानांच्या पाट्यांच्या आत जी तीन-तीन एलईडीची छोटी मॉड्यूल असतात ना, वायरने एकमेकांना माळेसारखी जोडलेली, ती घ्या. १२ व्होल्टवर चालतात आणि वरून प्लास्टिक ओतून सीलबंद असतात, कारण पाट्या पावसात उभ्या असतात. तपकीर गल्लीत विचारा, ‘साइन बोर्डवाली मॉड्यूल, कूल व्हाइट’. माळ हवी तिथे कापता येते. १.२ वॅटचं मॉड्यूल असेल तर साधारण १०० ते १२० ल्युमेन (उजेडाचं माप) धरा.

ती बसवायला ॲल्युमिनियमचं सी चॅनेल. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे जा, त्याच्या दुकानात कोपऱ्यात दोन-अडीच फुटांचे तुकडे पडलेले असतात, वजनावर देतो. चॅनेल उष्णताही ओढून घेतं. मॉड्यूलमागचा चिकट कागद हा फक्त जागेवर धरण्यापुरता समजा, खरी पकड दोन बाजूंच्या भोकांतून स्क्रू किंवा पॉप रिव्हेट मारून. चॅनेल पाण्यापासून चार-पाच इंच वर, दोन टोकांना पाय करून काचेच्या काठावर बसवा. मध्ये टाकीचं काचेचं झाकण राहू द्या, म्हणजे वाफ खालीच अडते.

जोड वायरींचे आहेत, तिथे डाग देऊन वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा. आणि इथे एक गंमत ऐका. टाकी चिकटवायचं सिलिकॉन घरात असतंच, ते जोडांवर फासायचा मोह होईल. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो ना? ते ॲसेटिक ॲसिड. काचेला काही करत नाही, पण सुकताना तांब्याला खातं. मी एकदा याच सिलिकॉनने जोड ‘वॉटरप्रूफ’ केला होता. सहा महिन्यांनी ओढला तर वायर हिरवी पूड होऊन हातात आली. सिलिकॉन लावायचंच तर ट्यूबवर ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं बघून घ्या.

जाळीचा एसएमपीएस विसरा. त्याच्या स्क्रूच्या पट्टीवर २३० व्होल्ट उघडे असतात. लॅपटॉपसारखा बंद ॲडॅप्टर घ्या, १२ व्होल्ट ३ अँपियर, बीआयएसचा नोंदणी क्रमांक छापलेला. पंधरा मॉड्यूल म्हणजे १८ वॅट, म्हणजे दीड अँपियर. ३ चा ॲडॅप्टर निम्म्या ताकदीवर थंड चालेल.

गप्पी_गप्प
काका, साष्टांग. होल्डरवरच्या हिरव्या थराचा अर्थ आत्ता लागला.
पंधराचा आकडा कुठून आला? आणि लाल-निळं राहिलंच.

पाणवेल
आकड्याचं मी सांगते. तुमच्या टाकीचं गणित ६० × ३० × ३६, म्हणजे काठोकाठ भरली तर ६५ लिटर. वाळू, लाकूड, वरची मोकळी जागा सोडून ५५ धरा. छंदवाल्यांचा ढोबळ हिशेब असा की लिटरला १० ते २० ल्युमेन म्हणजे मंद उजेड, २० ते ४० मध्यम, आणि त्याच्या वर गेलात तर कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणा. पंधरा मॉड्यूलचे दीड-पावणेदोन हजार ल्युमेन होतात, लिटरला ३० च्या आसपास. तुमच्या तिन्ही झाडांना पुष्कळ आहे. अनुबियासला तर जास्तच, त्याला वालिस्नेरियाच्या सावलीत सरकवा. त्याची पानं इतकी सावकाश वाढतात की प्रखर उजेडात आधी त्यांच्यावर शेवाळच चढतं.

ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे, आणि आपला डोळा हिरव्याला सगळ्यात जागा असतो. झाडांचा हिशेब वेगळा. पण पांढऱ्या-पांढऱ्यात तुलना करायला चालतं. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो, वर पिवळट फॉस्फर फासलेला, त्यामुळे निळं त्यात असतंच. लालही थोडं मिळतं. निव्वळ लाल-निळी ग्रो स्ट्रिप लावलीत तर झाडं वाढतील, पण टाकी लग्नाच्या मांडवासारखी जांभळी दिसेल आणि निऑनची निळी रेघ हरवेल. सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वरचे पांढरे मिळाले तर उत्तम, माशांचे रंग उठून दिसतात.

आणि टायमर घ्या. सुरुवातीला सहाच तास. नवा लाइट लागला की सगळ्यांना तो दिवसभर लावून बघत बसावंसं वाटतं, आणि तिसऱ्या आठवड्यात काचेवर हिरवं मखमल येतं. मी रत्नागिरीत असते, आमच्याकडे गोल चकतीचा टायमर चालत नाही. वीज गेली की चकती थांबते. पावसाळ्यात चार दिवसांत माझा टायमर इतका मागे पडला की टाकी रात्री अकराला उजाडायची. बॅटरी असलेला डिजिटल घ्या.

वाळूचा_किल्ला
अवांतर: शाळेत हायड्रिलावर फनेल उपडं ठेवून बुडबुडे मोजायचो ते आठवलं. आमच्या बाईंनी बल्ब जवळ आणला की बुडबुडे वाढायचे, ते बघून आख्खा वर्ग ओरडायचा. टाकीत हायड्रिला टाकलंत तर लाइट पुरतोय की नाही हे आपोआप कळेल.

पाणवेल
वाळूचा_किल्ला, कळेल खरं, पण मग टाकीत दुसरं काही दिसणार नाही. महिन्याभरात हायड्रिलाचं जंगल होतं. एखादी काडी टाकून बघावी आणि काढून घ्यावी.

रोधक
दोन गोष्टी राहिल्या.
ॲडॅप्टरची वायर टाकीवरून थेट सॉकेटात नेऊ नका. मध्ये सॉकेटच्या खालपर्यंत लोंबती ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी त्या झोळातून जमिनीवर ठिबकेल, सॉकेटात जाणार नाही. ॲडॅप्टर जमिनीवर नको, टाकीखालच्या कपाटातही नको, भिंतीला उंचावर अडकवा.
दुसरं, मीटरशेजारच्या बोर्डात ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असलेला रुंद खटका (आरसीसीबी, वीज गळाली की लाइन तोडणारा) आहे का बघा. त्यावर ३० एमए किंवा ०.०३ ए छापलेलं हवं. ते बटण दाबल्यावर घरातली वीज गेली पाहिजे. नसेल तर हजाराच्या बजेटमध्ये आधी तो बसवा, लाइट नंतर. तुमचा लाइट १२ व्होल्टचा असला तरी फिल्टर आणि हीटर २३० व्होल्टवर पाण्यातच बसलेत. मुलीला सांगा, टाकीत हात घालायच्या आधी बाबांकडून सगळे प्लग काढून घ्यायचे.

कडीपत्ता
रोधक, काल रात्री बॅटन काढून भिंतीवर ब्रॅकेटला लावल्या. बायकोने विचारलं, दीड वर्ष काय करत होतास?

गप्पी_गप्प
मंडळी, तीन आठवड्यांनी रिपोर्ट देतोय.

आधी तो खटका. बोर्डात होता. ‘टी’ दाबलं तर काहीच झालं नाही! सोसायटीच्या वायरमनने बदलून दिला. बजेट तिथेच गेलं, पण तक्रार नाही.

चॅनेल काकांनी सांगितल्याप्रमाणे खिडकीवाल्याकडून, ६२ सेंमी कापून आणलं. त्याने विचारलं कशाला, म्हटलं माशांना उजेड. त्याने पैसेच घेतले नाहीत, वर चार रिव्हेट मारून दिले. पंधरा मॉड्यूल दोन रांगांत बसवली, एकीत आठ, दुसरीत सात. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा शेवटची सात पेटेनात. दुसऱ्या रांगेची लाल-काळी मी उलटी जोडली होती. ती सरळ केल्यावर पेटली. तीन तास चालू ठेवून चॅनेलला हात लावला तर कोमट, चहाच्या रिकाम्या कपाइतकं.

अडचण वेगळीच आली. या मॉड्यूलवर फुगीर लेन्स आहे आणि उजेड बाजूला फार फाकतो. पाटीच्या खोक्यात तो पसरायला हवाच असतो म्हणा. आमच्याकडे बाबांच्या टीव्हीत अख्खी टाकी दिसायला लागली. बातम्या वाचणाऱ्या बाईंच्या कपाळावरून निऑन टेट्रा जायचे. दोन दिवस त्यांनी सहन केलं, तिसऱ्या दिवशी टाकीवर टॉवेल टाकला. मग खिडकीवाल्याकडूनच दोन इंची पट्टी आणून चॅनेलच्या पुढच्या कडेला पडद्यासारखी लावली, आतून पांढरा रंग मारून. टीव्ही सुटला आणि खाली वाळूवर उजेडही वाढला.

टायमर संध्याकाळी चार ते रात्री दहा. क्रिप्टोकोरीनची निम्मी पानं पहिल्या आठवड्यात काचेसारखी होऊन विरघळली. घाबरून सगळं उपटणार होतो.

पाणवेल
उपटलं नाहीत ना? क्रिप्टोचं असंच असतं. उजेड, पाणी, जागा, काहीही बदललं की पानं वितळतात. मुळं शाबूत असतील तर मधून नवी पानं येतात. गळलेली तेवढी काढत जा, नाहीतर पाणी खराब होईल.

गप्पी_गप्प
नाही उपटलं. आज सकाळी मुलीने दाखवलं, मधोमध तांबूस टोक आलंय, नखाएवढं.

सोल्डरकाका
ती पुढची पट्टी झकास. माझ्या टाकीलाही लावतो, आमच्याकडे सोफ्यावर बसलं की थेट डोळ्यात येतं. वाकवायला किती गेजचा पत्रा घेतलात?

गप्पी_गप्प
वाकवला नाही काका, सपाट पट्टी आहे. दोन रिव्हेट आणि एक छोटी बिजागरी, म्हणजे टाकी साफ करताना वर उचलता येते. रविवारी फोटो टाकतो.